न वाजलेला भोंगा

१

मिस्त्री दारापासून हातभर अंतरावर पालथा पडलेला सापडला. दार उघडं होतं. कडी लावलेली नव्हती, वाटेत आडवं काही आलेलं नव्हतं. आणखी दोन पावलं टाकली असती तर तो मोकळ्या हवेत आला असता, पण तेवढा श्वास छातीत उरला नव्हता.

कोल्ड स्टोरेजच्या त्या इमारतीत बटाटे, सफरचंदं आणि लोण्याचे खोके ठेवले जात. सगळा थंडावा अमोनिया वायूवर चालायचा, आणि तो पाइपांतून फिरवणारे कॉम्प्रेसर मागच्या खोलीत होते. मिस्त्रीने त्या खोलीत उभी हयात काढली होती. इतकी, की त्याच्या नाकाला आता अमोनियाचा वास कळतच नसे, आणि तो ते हसत हसत सगळ्यांना सांगायचा. जेवण करून तो आत गेला. पाळी बदलायला आलेल्या माणसांच्या डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा त्यांनी ओली फडकी तोंडाला बांधली आणि त्याला ओढून बाहेर काढलं.

एका कॉम्प्रेसरचा सांधा घट्ट बंद ठेवणारं सील आधी झिरपायला लागून मग फुटलं होतं. सीलं फुटतात. म्हणूनच भिंतीवर वायू मोजणारे सेन्सर होते आणि शेजारच्या कंट्रोल रूममध्ये त्यांच्यावर लक्ष ठेवणारा संगणक होता. वायू पंचविसाच्या आकड्यापलीकडे गेला की भोंगा वाजायचा, मोठा पंखा सुरू व्हायचा आणि अमोनियाचा मुख्य व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायचा. झिरपणं सुरू झालं तेव्हाच व्हॉल्व्ह बंद झाला असता, तर सील फुटून खोलीभर वायू पसरायची वेळच आली नसती.

त्या दुपारी यातलं काहीच झालं नाही.

कंट्रोल रूममध्ये एकटा ऑपरेटर होता. तो मिस्त्रीचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रीनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भोंगा मीच बंद करून ठेवला होता. डोकं उठायचं त्याच्या आवाजाने. चूक माझी आहे."

त्याला अटक झाली, मग जामीन मिळाला. जामिनावर सुटल्यावर तो आधी बहिणीच्या घरी गेला. तिने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि लावून घेतलं.

प्रकरण मिटल्यातच जमा होतं. कारखाना तपासणी खात्याला फक्त संगणकाबद्दल एक अहवाल हवा होता, म्हणून त्यांनी एका बाईंना पाठवलं. बाई पन्नाशीच्या होत्या, पायात सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. बिघडलेले प्रोग्रॅम तपासण्यात त्यांचे केस पिकले होते. खात्यात त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी ऑपरेटरची कबुली वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग समोर बसलेल्या पोलीस निरीक्षकांकडे कागद सरकवला.

"हा माणूस खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या.

२

ऑपरेटर एका खोलीत राहायचा. खाटेवर चादर ताणून घातलेली, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेला एकच शर्ट. त्याने बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसला.

"भोंगा कसा बंद केलात?"

"टेबलाच्या बाजूला लाल स्विच आहे. तो खाली केला."

"त्याने भोंगा बंद होतो. पंखा होतो का?"

त्याने चादरीवरची सुरकुती ओढून सरळ केली.

"व्हॉल्व्हचा तर त्या स्विचशी काहीच संबंध नाही. मग व्हॉल्व्ह का उघडा राहिला?"

"मला त्यातलं कळत नाही, मॅडम. मी सांगितलं ते सांगितलं."

"बरं. मला दुसरं सांगा. त्या दुपारी पडद्यावर आकडा काय होता?"

यावर मात्र त्याने लगेच उत्तर दिलं. विचार करायला वेळच घेतला नाही. "चोवीस."

"किती वेळ?"

"दुपारभर. चोवीसवर जाऊन बसला होता."

"वर-खाली काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला. पोलिसांनी त्यांना संगणकातल्या फाइलींची नक्कल काढून दिली होती, आणि तिच्यातले आकडेही हेच सांगत होते. रेघ वर चढत गेली होती आणि चोवीसवर आडवी झाली होती. स्विच खाली केला असता तर भोंगा गप्प बसला असता, आकडा नाही. आकडा शंभरावर गेला असता, दोनशेवर गेला असता. फुटलेल्या सीलमधून सुटलेला वायू एका आकड्यावर जाऊन दुपारभर थांबत नसतो.

"पूर्वीही असा थांबायचा?"

"नवीन प्रोग्रॅम बसवला तेव्हा उलट होतं. उठता बसता भोंगा. काही नसताना व्हॉल्व्ह बंद, सगळं गार पडायच्या ऐवजी गरम. मग प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने दुरुस्त केलं, म्हणाले. त्यानंतर चोवीसच्या वर कधी गेलाच नाही." बोलता बोलता तो थबकला. आपण नको तेवढं बोललो हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"तुम्हाला हा चोवीसचा आकडा ओळखीचा आहे," बाई म्हणाल्या. "आधी कधीतरी पाहिलाय. कोणाला वाचवताय?"

तो उठून खिडकीशी गेला. शर्ट वाळलाय का ते उगीच चाचपून पाहिलं.

"माझ्या बहिणीचा नवरा गेला," तो पाठमोराच म्हणाला. "आता त्या घरात तिला एकच माणूस उरलंय. तेवढं तिच्याजवळ राहू द्या. तुमच्या पाया पडतो, पण इथेच थांबवा."

३

मॅनेजरच्या टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. बोलताना तो समोरची पेन्सिल सारखी सरळ करत होता.

"मिस्त्री म्हणजे आमचा आधार होता," तो म्हणाला. "पण मेहुण्याने असं करावं?"

"नवीन प्रोग्रॅम आल्यावर खोटे भोंगे वाजत होते म्हणे."

"वैताग आणला होता. दर वेळी व्हॉल्व्ह बंद, की आतला माल घाम सोडायचा. मी इंजिनिअरला स्वच्छ सांगितलं, हे थांबव, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघतो. त्याने थांबवलं."

"कसं थांबवलं?"

"ते मी कशाला विचारू? थांबलं ना."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पेन्सिल पुन्हा सरळ झाली.

कंपनीचा इंजिनिअर तिशीचा होता, बोलायला गोड. बाईंसाठी त्याने स्वतः खुर्ची ओढली. "मॅडम, प्रोग्रॅम बिनचूक आहे. तुम्ही फाइली आमच्या मूळ प्रतीशी जुळवून बघा."

"बघितल्या. जुळतात."

"झालं तर मग. आणि अपघातानंतर मी इथल्याच मशीनवर, या निरीक्षकांच्या समोर तो चालवून दाखवलाय. सेन्सरपाशी वायू नेला आणि भोंगा वाजला."

"हो, वाजला," निरीक्षक म्हणाले. "कानठळ्या बसल्या. मी मागेच उभा होतो. नंतर लगेच मी खोली सील केली."

"खोटे भोंगे कसे घालवलेत?" बाईंनी विचारलं.

"सेन्सर साफ केले. एक-दोन तारा सैल होत्या, त्या बदलल्या."

"संगणकावर काही केलं?"

"काही नाही."

"आधीच्या कोणाच्या फाइली तिथे पडलेल्या होत्या का?"

"असतील. दुसऱ्याच्या फाइली मी उघडून बघत नाही."

तो गेल्यावर बाई निरीक्षकांकडे वळल्या. "त्याने चाचणी घेतली तेव्हा मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं?"

"नाही. चालू असलेला प्रोग्रॅम थांबवला आणि की-बोर्डवरून पुन्हा सुरू केला. मी म्हटलंही, एकदा बंद करून चालू करा. आमच्या कचेरीत काही अडलं की आम्ही आधी तेच करतो. तर म्हणाला, गरज नाही."

"आपण करू या."

कंट्रोल रूमचं सील तोडलं. बाईंनी संगणक बंद केला, चालू केला. प्रोग्रॅम नेहमीसारखा आपोआप सुरू झाला. निरीक्षकांनी अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा काठीच्या टोकाला बांधून सेन्सरपाशी धरला आणि तोंड फिरवलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. दहा. अठरा. तेवीस. चोवीस.

तिथेच थांबला. निरीक्षकांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण भोंगा वाजला नाही.

बाईंनी प्रोग्रॅम थांबवला. तीच फाइल, त्याच जागेवरून, हाताने सुरू केली. बोळा पुन्हा वर गेला, आणि भोंगा असा कोकलला की बाहेरच्या आवारातले हमाल धावत आले.

"अक्षर न् अक्षर तोच प्रोग्रॅम आहे," निरीक्षक रुमालाने डोळे पुसत म्हणाले. "मग असं कसं?"

४

बाईंनी भोंगा बंद केला आणि खुर्ची पुढे घेतली.

"हा प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही," त्या म्हणाल्या. "काही कामं वेगळ्या फाइलींत असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. सेन्सरच्या आकड्यांची सरासरी काढायचं काम अशाच एका लायब्ररीत आहे. प्रोग्रॅमकडे असतं ते फक्त त्या कामाचं नाव. तो सुरू होतो तेव्हा संगणक ते नाव घेऊन एकेक लायब्ररी शोधत जातो, आणि पहिल्यांदा जिच्यात ते नाव सापडेल तिचं काम धरतो. तिथे शोध संपला. मागे खरी लायब्ररी उभी असली तरी तिला कोणी विचारत नाही."

"म्हणजे त्याच नावाचा तोतया पुढे उभा केला, तर?"

"तर त्याचंच ऐकलं जातं. प्रोग्रॅम मूळचा, कंपनीची लायब्ररी मूळची, दोन्ही जुळवून बघितल्या तर जुळणारच. पण मशीन सुरू होताना जी फाइल वाचली जाते तिच्यात एक ओळ घालता येते, अमुक लायब्ररी सगळ्यांच्या आधी घे म्हणून. हाताने सुरू केलं, की ती ओळ वाचलीच जात नाही."

"म्हणून भोंगा वाजला."

"म्हणूनच त्याने हाताने सुरू केला. पण ते नंतर. आधी तोतया बघू."

त्यांनी संगणकाला सांगितलं की कोणतं नाव कुठे शोधतोस आणि कुठे सापडतं ते दाखवत जा, आणि प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा तसाच सुरू केला. पडदा ओळींनी भरून वाहू लागला. शेकडो नावं, शेकडो जागा. बाईंनी घाई केली नाही. एकेक नाव वाचत, बरोबर जागी सापडलेलं सोडून देत त्या खाली खाली जात राहिल्या. निरीक्षकांनी दोनदा चहा मागवला आणि दोन्ही वेळा बाईंचा कप तसाच गार झाला.

मग त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. 'गॅस_सरासरी_२'. ते सापडायला हवं होतं कंपनीच्या लायब्ररीत. सापडलं होतं दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये.

"फोल्डरचं नाव काय आहे?" निरीक्षकांनी वाकून पाहिलं, आणि सावकाश सरळ झाले.

"काय झालं?"

"मी जबाब घ्यायला मिस्त्रीच्या घरी गेलो होतो," ते म्हणाले. "त्याच्या मुलीला घरात 'मनी' म्हणतात. ती पूर्वी इथेच संगणकाचं बघायची."

फोल्डरचं नाव 'मनी' होतं.

५

मनीने दार उघडलं. बापाचे दिवस झाल्यावरही ती नोकरीच्या गावी परत गेली नव्हती. आई आतल्या खोलीत पडली होती. मनीने मधलं दार हळूच लोटून घेतलं आणि जमिनीवरच बसली. बाईही खाली बसल्या.

"तुझं फोल्डर सापडलंय," बाई म्हणाल्या.

तिने मान हलवली. जणू कोणीतरी येऊन हे म्हणेल याची ती वाटच पाहत होती.

"बाबांनी मागितलं होतं," ती म्हणाली. "खोलीतला मोठा पंखा आणि जाळ्या धुवायला लागतात. धुवायच्या द्रावणाने सेन्सर भडकायचे आणि माणसं शिडीवर असताना भोंगा, पंखा, सगळं एकदम सुरू व्हायचं. एकदा एक जण पडता पडता राहिला. बाबा म्हणाले, धुण्यापुरतं त्याला गप्प करता येतं का बघ. मी त्याच नावाचं काम लिहिलं. आकडा चोवीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच."

"मामाला माहीत होतं?"

"धुवायच्या दिवशी पडद्यासमोर तोच बसायचा. चोवीसवर अडकला की म्हणायचा, मनीबाई ड्यूटीवर आल्या." तिने मधल्या दाराकडे पाहिलं. "त्याने कबुली दिली तेव्हाच मला कळलं, त्याला काय वाटलंय ते. मी पोलिसांकडे निघाले होते. त्याने हात धरून बसवलं. म्हणाला, तुझ्या आईला कळलं तर ती एका दिवसात दोन माणसं गमावेल."

"मशीन सुरू होतानाच्या फाइलीत ती ओळ तू घातलीस?"

"नाही. धुण्यापुरतं मी स्वतः माझं काम पुढे लावून प्रोग्रॅम सुरू करायचे. आणि मी नसले तर बाबा विसरतील म्हणून अर्ध्या तासाचं बंधन घातलं होतं. अर्धा तास झाला की माझं काम बाजूला व्हायचं आणि खरं सुरू व्हायचं."

"नवीन प्रोग्रॅम आला तेव्हा तू इथे होतीस?"

"आधीच सोडलं होतं मी. पण जाताना फोल्डर पुसलं नाही. वाटलं, बाबांना लागेल." तिने बाईंकडे सरळ पाहिलं. "मला खरं सांगा. मी मारलं का बाबांना?"

बाईंना खोटा दिलासा देता येत नसे. त्यामुळे त्यांची फार माणसं दुखावली होती.

"अजून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

६

दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूममध्ये बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर भिंतीशी उभा राहिला. इंजिनिअर खुर्चीत बसला. ऑपरेटर दारातच थांबला, आत यायला त्याचा पाय धजेना.

"आकडा चोवीसवर दाबून धरणारी एक लायब्ररी सापडली आहे," बाई म्हणाल्या. "मशीन सुरू होताना ती सगळ्यांच्या पुढे बसवली जाते."

"अरे देवा," इंजिनिअर हळू म्हणाला. "तरी मला शंका होती. बिचाऱ्या पोरीने बापासाठी म्हणून केलं आणि काय होऊन बसलं."

दारातल्या ऑपरेटरने भिंतीला हात टेकला.

"कोणत्या पोरीने?" बाईंनी विचारलं.

"मिस्त्रीच्या."

"मी कोणाचा उल्लेख केलेला नाही. दुसऱ्याच्या फाइली तुम्ही उघडून बघत नाही. ती मुलगी तुम्ही यायच्या आधी इथून गेली, तुमची तिची गाठ पडलेली नाही. मग हे तिने केलं, आणि बापासाठी केलं, हे तुम्हाला कुठून कळलं?"

"इथे... बोलतात लोक."

"हे तीनच माणसांना माहीत होतं. मुलगी कोणाशी बोलली नाही, मामाने तर तोंड शिवून घेतलंय. उरला मिस्त्री."

इंजिनिअरने लॅपटॉपचं झाकण मिटलं. "लायब्ररी तिची आहे हे तर खरं ना? त्यात माझा काय संबंध?"

"तेच बघत होते मी काल. ती लायब्ररी उघडली. तिच्यात एक नाही, दोन कामं आहेत. एकाचं नाव 'गॅस_सरासरी'. जुना प्रोग्रॅम याच नावाने हाक मारायचा. हे मुलीचं. त्याला अर्ध्या तासाचं बंधन आहे. तुमचा नवीन प्रोग्रॅम आला, त्यात तुमच्या कंपनीने नाव बदललं, शेवटी दोन लावलं. नाव शोधताना एक अक्षर जरी वेगळं असलं तरी संगणक ते धरत नाही, पुढे जातो. म्हणजे नवीन प्रोग्रॅम बसला त्या दिवसापासून मुलीचं काम तिथे असून नसल्यासारखं होतं. ते पुढे बसवलं असतं तरी त्याला कोणी हाक मारली नसती. वाजायचा तेव्हा भोंगा वाजलाच असता."

ऑपरेटर दोन पावलं आत आला होता. ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"दुसरं काम 'गॅस_सरासरी_२' नावाचं," बाई म्हणाल्या. "पहिल्याची नक्कल करून लिहिलेलं. तोच चोवीसचा आकडा. हे लिहिणाऱ्याला नवीन नाव माहीत होतं, आणि नवीन प्रोग्रॅम आल्यानंतर या मशीनची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडे होता. मॅनेजरसाहेबांना यातलं लिहिता येत नाही. ऑपरेटरकडे पासवर्ड नव्हता. मुलगी इथे नव्हती. आणि हे ज्याने केलं तोच चाचणीच्या वेळी मशीन बंद करून चालू करायला नाही म्हणेल. ज्याच्या मनात काही नाही, तो माणूस निरीक्षकांनी सुचवल्यावर मुकाट्याने करून टाकतो. तुम्हाला ठाऊक होतं, आपोआप सुरू झाला की भोंगा गप्प राहणार. फाइल काढून टाकायचीही सोय नव्हती, मागे निरीक्षक उभे होते, नंतर खोली बंद झाली."

इंजिनिअरने मिटलेल्या लॅपटॉपवरून हात फिरवला.

"तात्पुरतं केलं होतं," तो म्हणाला. त्याचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "नव्या सरासरीत दोष आहे. सेन्सरला जरासा झटका बसला तरी ती वायू सुटल्यासारखा धरते. खरी दुरुस्ती कचेरीतून यायला वेळ लागणार होता. हे मॅनेजरसाहेब रोज मला फैलावर घेत होते. मी खोलीत तारा बघत बसलो होतो तेव्हा मिस्त्री स्वतःहून म्हणाला, माझ्या मुलीने एक नामी गोष्ट करून ठेवली आहे, बघा तुमच्या उपयोगी पडते का. फार कौतुकाने दाखवली त्याने." तो थांबला. "मी त्याला सांगितलं की दुरुस्ती झाली. त्याला वाटलं, झाली."

"अर्ध्या तासाचं बंधन का काढलंत?"

"भोंगे काही अर्ध्या तासापुरते वाजत नव्हते."

मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "हे मला माहीत असतं, तर मी कधीच..."

"तुम्ही विचारलं असतं, तर माहीत झालं असतं," बाई म्हणाल्या. "तेही लिहिणार आहे मी."

निरीक्षकांनी इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला, लॅपटॉप घ्यायला वाकला आणि तो तिथेच ठेवून चालू लागला. ऑपरेटरने त्याला वाट करून दिली. त्याला मारायलाही हात उचलला नाही. नुसता बघत राहिला.

७

मनीने आईला सगळं सांगितलं. आई मिस्त्रीचे शर्ट घड्या करून एका गाठोड्यात बांधत होती. हात थांबले नाहीत. संगणक नाव कसा शोधतो, पहिलं सापडेल ते कसं धरतो, हे मनीने सांगितलं तेव्हा आईने एकदाच मध्ये विचारलं.

"म्हणजे तुझं ते कोणी हाक मारण्यातलं राहिलंच नव्हतं?"

"नाही. पण त्याने माझ्यावरूनच उतरवलं, आई. मी केलंच नसतं, तर त्याला सुचलं नसतं."

आईने गाठोड्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग पदराने तोंड पुसून उठली. "चप्पल घाल. मामाकडे जायचंय."

ऑपरेटरने दार उघडलं आणि बहिणीला पाहून मागे सरला. ती आत येऊन खाटेवर बसली.

"तुझ्या तोंडावर दार लावलं मी," ती म्हणाली.

"लावायलाच पाहिजे होतं, ताई. मी कबूलच तसं केलं होतं."

मनी दाराला टेकून उभी होती. "मामा, तुला खरंच वाटलं होतं? की बाबा माझ्यामुळे गेले?"

त्याने बहिणीकडे पाहिलं, मग भाचीकडे. आता खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

"वाटलं होतं," तो म्हणाला. "चोवीसचा आकडा बघितला आणि वाटलं, ही आपली फाइल काढायची विसरली."

"आणि तरी तू तुरुंगात जायला निघालास."

"तरी म्हणजे? त्याने तू माझी भाची उरत नाहीस का?"

मनी खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. आई उठली नाही, जवळही गेली नाही. तिने फक्त भावाला खुणेने सांगितलं, आणि त्याने जाऊन उघडं राहिलेलं दार हलकेच लावून घेतलं.